लिस्बनचं आल्फामा पायी पाहायचं तर

लिस्बनमध्ये तीन दिवस असतील तर त्यातला एक आल्फामाला द्या, आणि तो पायी द्या. टूर बसनं जाणाऱ्यांना इथे अर्धा तास मिळतो. वर सोडतात, कठड्याशी उभं राहून फोटो होतात, परत बस. जे पाहण्यासारखं आहे ते सगळं त्या कठड्याच्या खाली राहून जातं.

आल्फामा म्हणजे एक उतार. माथ्यावर किल्ला, पायथ्याशी तेजो नदी, आणि मध्ये पायऱ्या, बोळ, छोटे चौक, एकमेकांना टेकून उभी असलेली घरं. हे असं का राहिलं ते आधी समजून घ्या, म्हणजे चालताना अर्थ लागत जाईल. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये असताना लिस्बनला भयंकर भूकंप झाला. पाठोपाठ नदीतून त्सुनामीच्या लाटा आल्या आणि मग कित्येक दिवस आगी धुमसत राहिल्या. नदीकाठचा सपाट भाग, म्हणजे बाइशा, बेचिराख झाला. राजाचा मंत्री पोंबाल यानं तो आखीव, काटकोनी रस्त्यांचा करून नव्यानं उभारला. आल्फामा खडकाळ टेकडीवर आहे. पडझड तिथेही झाली, पण गल्ल्यांचा जुना गुंता शाबूत राहिला. आठव्या शतकापासून ११४७ पर्यंत इथे अरबी अंमल होता, आणि आज आपण ज्या वळणांवरून चालतो त्यांचा घाट त्या काळातला आहे.

त्यामुळे इथे फोनवरच्या निळ्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नका. बोळ इतके अरुंद आहेत की ठिपका भलत्याच गल्लीत उडी मारतो, आणि नकाशावर शेजारी दिसणारे दोन रस्ते प्रत्यक्षात तीन मजल्यांच्या अंतरानं वरखाली असतात. इथे उतार हाच नकाशा. खाली उतरत राहिलात की नदी येते, वर चढत राहिलात की किल्ला येतो. एवढं डोक्यात ठेवलं की हरवायची भीतीच उरत नाही.

दिवस आणि वेळ

मंगळवार किंवा शनिवार निवडा. या दोन दिवशी वरच्या अंगाला कांपो द सांता क्लारा या मैदानात फेरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो. सोमवार टाळा, कारण फादो या इथल्या पारंपरिक गाण्याचं संग्रहालय, राष्ट्रीय पांतेआंव हे थोरांच्या समाधींचं स्मारक, अल्जूब या जुन्या तुरुंगातलं संग्रहालय ही सगळी सोमवारी बंद असतात.

आल्फामाच्या पायथ्याशीच क्रूझ जहाजांचा धक्का आहे. मोठं जहाज लागलं की सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून साडेआठला चालायला लागा. त्या वेळी पावाची डिलिव्हरी चालू असते, म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन बाहेर पडतात, आणि वस्ती तिथे राहणाऱ्यांची असते. दुपारी संग्रहालयात किंवा जेवायला बसा आणि पाचनंतर पुन्हा चाला. उन्हाळ्यात सूर्य नऊच्या आसपास मावळतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर मिळते.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि चढावर सावली कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पावसाचे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यांत चांगले. जूनचा मात्र वेगळा विचार करा. १२ जूनच्या रात्री सांतो आंतोनिओचा, म्हणजे संत अँथनीचा उत्सव असतो. गल्लोगल्ली शेगड्या पेटतात, सार्डिन मासे भाजले जातात, कागदी पताका लागतात, आणि कागदी फूल व चार ओळींची कविता खोचलेल्या बारीक पानांच्या तुळशीच्या कुंड्या विकायला येतात. गर्दी आणि आवाज सोसत असेल तर यासारखी रात्र नाही. शांतपणे गल्ल्या पाहायच्या असतील तर तो आठवडा सोडा.

पायात आणि खिशात

लिस्बनच्या फुटपाथांवर पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या बेसाल्टचे छोटे चौकोनी दगड हातानं बसवलेले असतात. दिसायला देखणे, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी घासून आरशासारखे झालेले. चार थेंब पडले तरी घसरतात. तळाला चांगलं रबर असलेले, आधी वापरलेले बूट घाला. नवे बूट किंवा सपाट तळाच्या चपला अजिबात नकोत. गुडघ्यांचा त्रास असेल तर घडीची काठी सोबत घ्या, कारण इथे चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात.

मूळ पासपोर्ट हॉटेलात ठेवा, प्रत खिशात. थोडे सुटे युरो जवळ असू द्या. लहान खानावळींत कधी कधी परदेशी कार्ड चालत नाही. पैसे काढायचे तर बँकेला लागून असलेल्या मल्टिबांको यंत्रातून काढा आणि "रुपयांत हिशेब करू का" असं पडद्यावर आलं तर नको म्हणा, युरोतच घ्या. पाण्याची बाटली नळावर भरा, इथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

चढण पायानं चढू नका

नवखे लोक नदीकाठावरून वर चढायला लागतात आणि अर्ध्या वाटेत दमून जातात. मग किल्ल्याशी पोहोचेपर्यंत डोळ्यांना काही दिसेनासं होतं. उलटं करा: वर वाहनानं जा आणि दिवसभर उतरत या.

वर जायचे तीन मार्ग. पहिला, फिगेरा चौकातून सुटणारी ७३७ क्रमांकाची छोटी बस, थेट किल्ल्यापाशी नेते. दुसरा, प्रसिद्ध २८ क्रमांकाची पिवळी ट्राम. मार्तिम मोनिझ चौकातून सुटते आणि किल्ल्याच्या खालच्या अंगाला पोर्तास दो सोलला उतरता येतं. तिच्यासाठी रांगा मोठ्या असतात आणि गर्दीत पाकीटमारी बरीच चालते. ट्राममध्ये बसायची हौस असेल तर सकाळी लवकर बसा. तिकिटाचं कार्ड मेट्रो स्टेशनवरच घेऊन भरून ठेवा, कारण ट्राममध्ये चालकाकडून घेतलेलं तिकीट बरंच महाग पडतं.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, आणि तो फुकट आहे. बाइशातल्या रुआ दोस फांकेरोस या रस्त्यावर एका साध्या इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती रुआ दा मादालेनावर सोडते. समोरचा छोटा चौक ओलांडला की शांव दो लोरेरो हा जुना बाजार लागतो, आता तिथे सुपरमार्केट आणि पार्किंग आहे. त्यातली दुसरी लिफ्ट आणखी वर नेते. तिथून किल्ल्यापर्यंतचा चढ थोडाच उरतो. रोजच्या सामानाच्या पिशव्या घेतलेली स्थानिक मंडळी याच लिफ्टनं वर जातात.

किल्ला: आत जायचं की नाही

सांव जॉर्जचा किल्ला ११४७ मध्ये अफोन्सो एन्रिकेस या पोर्तुगालच्या पहिल्या राजानं क्रुसेडरांच्या मदतीनं अरबांकडून जिंकला. आज दिसणारे बुरूज आणि तटाचे कंगोरे मात्र बरेचसे १९३८ नंतरच्या डागडुजीत नव्यानं घडवलेले आहेत. लहान मुलं सोबत असतील, तटावरून चालायचं असेल, मोर पाहायचे असतील तर तिकीट काढा. वेळ कमी असेल तर बिनधास्त सोडा. रायगड-प्रतापगड चढलेल्या माणसाला इथे दगडी बांधकामाचं फार नवल वाटणार नाही, आणि नदीचं दृश्य खाली दोन ठिकाणी फुकट मिळतं.

त्यातलं पहिलं पोर्तास दो सोल. इथे लिस्बनच्या संरक्षक संताचा, सांव व्हिसेंतचा पुतळा आहे. हातातल्या जहाजावर दोन कावळे आहेत. त्याचं शव समुद्रमार्गे आणताना कावळ्यांनी राखण केली अशी श्रद्धा आहे, आणि शहराच्या चिन्हातही ते जहाज आणि कावळे दिसतात. रस्त्यावरचे दिव्याचे खांब, गटारांची झाकणं पाहत चला, सापडतील.

सांता लुझियाच्या भिंतीपाशी थांबा

दुसरं ठिकाण पोर्तास दो सोलपासून मिनिटभराच्या अंतरावर: सांता लुझियाचं छोटं चर्च आणि बोगनवेलीचा मांडव आहे. सगळे मांडवात फोटो काढतात. तुम्ही चर्चच्या बाहेरच्या भिंतीकडे जा. तिथे निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरश्यांची दोन मोठी चित्रं आहेत आणि दोन्हींपुढे दहा-दहा मिनिटं उभं राहण्याजोगी आहेत.

एका चित्रात ११४७ ची लढाई आहे. किल्ल्याचा दरवाजा बंद होतोय आणि एक सरदार स्वतःचं अंग फटीत घालून तो अडवतोय. तोच मार्तिम मोनिझ. तो तिथेच चिरडून मेला आणि दरवाजा उघडा राहिला, अशी दंतकथा आहे. ज्या चौकातून २८ नंबरची ट्राम सुटते त्याला त्याचंच नाव आहे.

दुसऱ्या चित्रात नदीकाठचा राजवाड्याचा चौक आहे, भूकंपाआधीचा. समोर जहाजं, काठावर राजवाडा. याच राजवाड्याच्या परिसरात 'काझा दा इंदिया' हे पूर्वेकडच्या व्यापाराचं सरकारी कार्यालय होतं. गोवा, कोची इथून जाणाऱ्या मिरीचा आणि मसाल्यांचा हिशेब तिथे लागायचा. राजवाडा, त्याचं ग्रंथालय, कागदपत्रं, सगळं १७५५ मध्ये गेलं. आज तो चौक पाहताना मोकळी जागा, कमान आणि पिवळ्या इमारती दिसतात. आधी हे चित्र पाहिलं असेल तर त्या मोकळ्या जागेत काय होतं ते कळतं. गोव्यातून आलेल्या किंवा गोव्याशी नातं असलेल्या वाचकांनी तर हे चुकवूच नये.

आता गल्ल्यांत

पोर्तास दो सोलच्या बाजूनं एक जिना खाली उतरतो. त्याच्या कमानीखाली लिस्बनचा सगळा इतिहास कॉमिकसारखा भिंतीवर रंगवलेला आहे, तो वाचत उतरा. पुढे रुआ नोर्बेर्तो द आराउजोवर जुन्या अरबी तटाचा उरलेला भाग दिसतो. तिथून सांव मिगेलच्या चर्चकडे, मग सांतो इस्तेव्हांवकडे, आणि शेवटी खाली रुआ दोस रेमेदियोसला, असा सर्वसाधारण रोख ठेवा. मधल्या प्रत्येक वळणाचा हट्ट धरू नका. 'बेको' लिहिलेली पाटी म्हणजे बोळ. काही बोळ एखाद्या अंगणात संपतात. परत फिरा, त्यात काही वेळ वाया जात नाही. बेको दो कार्नेरो हा सांतो इस्तेव्हांव चर्चजवळचा पायऱ्यांचा बोळ मुद्दाम शोधा. दोन्ही बाजूंच्या घरांची छपरं वर जवळजवळ भिडतात आणि आकाशाची एक चिंधी तेवढी दिसते. बेको दो मेशियासमध्ये कपडे धुण्याचं सार्वजनिक धुणीघर आहे. आल्फामातल्या बऱ्याच घरांत पाण्याची नीट सोय नव्हती, त्या काळाची ही खूण.

चालताना दारांच्या वर पाहा. बऱ्याच घरांवर संतांच्या चित्रांच्या फरश्यांची लहान चौकट दिसेल. भूकंपानंतर अशा चौकटी लावायची पद्धत फार वाढली. बाळाला कडेवर घेतलेला सांतो आंतोनिओ लगेच ओळखता येतो. त्याच्या शेजारी पुष्कळदा बिशपच्या वेशातला सांव मार्साल असतो, आगीपासून रक्षण करणारा. पाच दिवस जळत राहिलेल्या शहरातल्या माणसांनी दारावर कोणाला बसवलं हे पाहिलं की त्या भीतीचा अंदाज येतो. भिंतभर लावलेल्या नक्षीच्या फरश्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या. बोट फिरवून पाहा, स्टेन्सिलनं रंगवलेल्या फरशीची नक्षी सपाट लागते, तर काही ठिकाणी उठाव हाताला कळतो. जिथे एखाद-दोन फरश्यांची जागा रिकामी दिसेल तिथे बहुधा चोरी झालेली असते. याबद्दल बाजाराच्या भागात आणखी सांगतो.

आता वागण्याबद्दल, आणि हे मी मनापासून सांगतोय. आल्फामात तळमजल्यावरच्या घरांची दारं-खिडक्या थेट गल्लीत उघडतात. अर्धं दार उघडं असतं, आत टीव्ही चालू असतो, चुलीवरच्या लसणाचा वास बाहेर येतो, कोणी आजी खुर्ची उंबऱ्याबाहेर टाकून बसलेली असते. चाळीच्या गॅलरीतून चालताना आपण शेजाऱ्याच्या खोलीत नजर टाकत नाही, तसंच इथेही चालायचं. वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढा, पण खिडकीतल्या माणसाचा विचारल्याशिवाय काढू नका. दिवसा भेटलेल्या माणसाला सकाळी 'बों दिया', दुपारनंतर 'बोआ तार्द' म्हणा. आभार मानताना पुरुषांनी 'ओब्रिगादो', बायकांनी 'ओब्रिगादा'. एवढ्यावर चेहरे खुलतात. गेल्या काही वर्षांत इथली कितीतरी घरं पर्यटकांना भाड्यानं देण्यासाठी गेली आणि जुने भाडेकरू बाहेर पडले. जे उरलेत त्यांच्या दारावरून रोज हजारो अनोळखी माणसं जातात. रात्री दहानंतर गल्लीत मोठ्यानं बोलू नका, आणि राहायला इथेच असाल तर चाकांची बॅग दगडांवरून ओढू नका, उचलून न्या.

खाली उतरल्यावर

रुआ दोस रेमेदियोस शाफारीज द देंत्रो या चौकात उतरते. समोर फादोचं संग्रहालय आहे, १९९८ पासून, पाणी उपसण्याच्या जुन्या केंद्राच्या इमारतीत. रात्री फादो ऐकणार असाल तर दुपारी तासभर इथे घालवा. हेडफोनवर जुने आवाज ऐकता येतात आणि बारा तारांची, पेअरच्या आकाराची पोर्तुगीज गिटार जवळून पाहता येते.

इथून नदीला समांतर, रुआ द सांव पेद्रो धरून पश्चिमेकडे चाला. सांव राफाएलच्या चौकात तटाचा एक बुरूज घरांत मिसळून गेलेला आहे. शेजारच्या गल्लीचं नाव रुआ दा जुदियारिया, जुनी ज्यूंची वस्ती. मग कमानीतून नदीच्या बाजूला बाहेर पडलात की शाफारीज देल रे हे जुनं पाणवठ्याचं बांधकाम दिसतं. त्याला सहा तोट्या होत्या आणि १५५१ च्या नियमानं कोणत्या तोटीवर कोणी पाणी भरायचं हे ठरवून दिलेलं होतं: गुलाम आणि मुक्त कृष्णवर्णीय एकीकडे, गोरे पुरुष दुसरीकडे, बायका-मुली तिसरीकडे. पाण्यावरच्या अशा पहाऱ्याचा अर्थ मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

थोडं पुढे काझा दोस बिकोस. हिऱ्यासारख्या टोकदार दगडांनी मढवलेली दर्शनी भिंत दुरूनच ओळखू येते. हे घर १५२३ मध्ये ब्राझ द अल्बुकर्कनं बांधलं. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचा तो मुलगा. वरचे दोन मजले भूकंपात गेले आणि विसाव्या शतकात परत बांधले. तळमजल्यावर खोदकामात सापडलेले रोमन काळापासूनचे अवशेष पाहता येतात.

इथून वर वळलात की लिस्बनचं से, म्हणजे कॅथेड्रल. जुन्या गोव्यातलं से पाहिलेल्यांना नाव ओळखीचं वाटेल. याचं बांधकाम ११४७ मध्ये सुरू झालं. जाड भिंती आणि दोन बुरुजांमुळे ते चर्चपेक्षा गढीसारखं दिसतं. त्याच्या खालच्या अंगाला सांतो आंतोनिओचं चर्च आहे. पादुआचा म्हणून ओळखला जाणारा हा संत ११९५ च्या सुमारास इथेच जन्मला.

से-च्या बाजूलाच अल्जूब. १९२८ ते १९६५ या काळात हुकूमशाहीच्या राजकीय पोलिसांनी इथे विरोधकांना डांबलं. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनं ती राजवट संपली आणि २०१५ मध्ये त्याच तारखेला इथे संग्रहालय उघडलं. आत उभ्यानं जेमतेम हलता येईल अशा एकांतकोठड्या पुन्हा उभारून दाखवल्या आहेत. आपल्यासाठी या ठिकाणाला आणखी एक संदर्भ आहे. आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे, मूळचे सांगलीचे, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. त्यांना पुढे पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात ठेवलं. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांचा तुरुंग वेगळा, पण पोलीस तेच आणि पद्धत तीच. फेरीत संग्रहालय एकच करायचं असेल तर मी अल्जूब सुचवीन.

वरचा अर्धा भाग: बाजार, राणी आणि पांतेआंव

मंगळवार-शनिवारी सकाळी हा भाग आधी करा आणि मग किल्ल्याकडे जा. २८ नंबरच्या ट्रामनं सांव व्हिसेंत द फोराच्या थांब्यावर उतरायचं.

हा मठ प्रचंड आहे, छतावरून नदी दिसते, आणि अझुलेजो पाहायला लिस्बनमध्ये याच्याइतकी शांत जागा कमी. प्राण्यांच्या बोधकथांची फरश्यांवरची चित्रं मुलांनाही आवडतात. पण मुंबईकरांनी इथे येण्याचं कारण वेगळं आहे. मठातल्या भिक्षूंच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याची दफनभूमी आहे आणि तिथे कातारिना द ब्रागांझा विसावली आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिचं लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई आंदणात दिली गेली. इंग्रजांना ताबा १६६५ मध्ये मिळाला आणि १६६८ मध्ये चार्ल्सनं मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कातारिना वैधव्यात लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये इथेच वारली. मुंबई तिनं कधी पाहिली नाही. त्या दालनात गर्दी नसते. भिंतीलगत रांगेनं शवपेट्या आहेत, नावं वाचत गेलात की तिचं सापडतं.

मठामागे फेरा दा लाद्रा. जुनी भांडी, पोस्टकार्डं, नाणी, चाव्या, बंद पडलेले कॅमेरे जमिनीवर चादरी पसरून मांडलेले असतात. घासाघीस करा, पण सौम्यपणे. एक गोष्ट घेऊ नका: कुठून आली हे विक्रेत्याला सांगता येत नाही अशी जुनी फरशी. घरांच्या भिंतींवरून फरश्या उचकटून विकण्याचा धंदा इथे मोठा आहे, आणि तो थांबवण्यासाठी २००७ पासून पोलिसांनीच मोहीम चालवली आहे. आठवण हवी असेल तर आज बनणारी नवी फरशी दुकानातून घ्या.

मैदानाच्या टोकाला पांढऱ्या घुमटाचं सांता एंग्रासिया, म्हणजे राष्ट्रीय पांतेआंव. १६८२ मध्ये सुरू झालेलं हे काम घुमट चढवून पूर्ण झालं १९६६ मध्ये. पोर्तुगीज लोक कधीच न संपणाऱ्या कामाला आजही "सांता एंग्रासियाचं काम" म्हणतात. वास्को द गामा आणि अल्बुकर्क यांची इथली स्मारकं रिकामी आहेत, देह इथे नाहीत. फादो गायिका आमालिया रोद्रिगेस मात्र खरोखर इथे आहे आणि तिच्यापाशी रोज ताजी फुलं असतात.

खाणं, विशेषतः शाकाहारींसाठी

खानावळीत बसल्याबरोबर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज टेबलावर येतं. त्याला कुव्हेर म्हणतात आणि खाल्लंत तर पैसे लागतात. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही.

शाकाहारी असाल तर "सें कार्न, सें पैश" म्हणजे मांस नको, मासे नको असं दोन्ही सांगा. नुसतं मांस नको म्हटलं तर मासे येतील. 'काल्दो व्हेर्द' हे हिरव्या पालेभाजीचं सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. बेकरीच्या काचेत 'शामुसा' दिसेल, गोव्यामार्गे गेलेला आपला समोसाच, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. विचारून घ्या. भाज्यांचं सूप, बटाटा, पाव, चीज, सॅलड यांवर दिवस निघतो. पास्तेल द नाता या कस्टर्डच्या पेस्ट्रीत अंडं असतं. संध्याकाळी वरणभाताची फारच ओढ लागली तर मार्तिम मोनिझजवळ रुआ दो बेन्फोर्मोझोवर भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आणि खानावळी आहेत.

मासे खाणाऱ्यांनी उन्हाळ्यात भाजलेली सार्डिन घ्यावी, हिवाळ्यात नाही. तेव्हा ती फ्रोझन असते. कॉफीला 'बिका' म्हणा. कॅफेत उभ्यानं एक बिका घेतलीत की स्वच्छतागृहही वापरता येतं, आल्फामात त्याची गरज पडते.

रात्री फादो, आणि परतीची वाट

फादोला २०११ मध्ये युनेस्कोनं मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. आल्फामात दोन प्रकारची ठिकाणं आहेत. काही घरांत ठरलेले व्यावसायिक गायक आणि जेवण, तिथे आधी जागा राखून ठेवावी लागते आणि किमान खर्चाची अट असते. ती किती, हे बसण्याआधी विचारा. दुसरीकडे लहान खानावळींत 'फादो व्हादियो' असतो, म्हणजे वस्तीतलेच हौशी लोक उठून गातात. पहिल्यांदा जात असाल तर मी दुसरा प्रकार सुचवीन. आवाज कधी फाटतो, पण गाणाऱ्याचा शेजारी समोरच बसलेला असतो आणि शेवटची ओळ तो सोबत म्हणतो.

गाणं सुरू व्हायच्या आधी दिवे मंद होतात आणि शांततेची हाक दिली जाते. त्यानंतर बोलणं, काटेचमचे, फोन, सगळं बंद. ऑर्डरही गाण्यांच्या मधल्या वेळात द्या. आत यायचं किंवा बाहेर जायचं तर एक गाणं संपेपर्यंत थांबा.

आल्फामा रात्री एकंदरीत सुरक्षित आहे. मौल्यवान वस्तू पुढच्या खिशात ठेवा. बाइशात कोणी कानाशी येऊन नशेचे पदार्थ विकू लागला तर "नांव" (म्हणजे नाही) म्हणून न थांबता चालत राहा. अडचण आली तर ११२ फिरवा. चोरीची तक्रार रेस्तोरादोरेस चौकातल्या पालासियो फोजमध्ये पर्यटकांसाठीच्या पोलीस चौकीत नोंदवता येते, आणि विम्यासाठी तो कागद लागतोच. मेट्रो सांता आपोलोनियाहून रात्री एकपर्यंत मिळते. टॅक्सी बोलवायची असेल तर ती गल्लीत येऊ शकत नाही, त्यामुळे ॲपमध्ये फादो संग्रहालयासमोरचा चौक ठिकाण म्हणून टाका आणि तिथे जाऊन उभे राहा.